गेनूने आणलेला रस्ता

शहराच्या अगदी कडेला, जिथे पालिकेची हद्द उरते पण पालिकेची आठवण संपते, अशा भेंडेमळा नावाच्या गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव गेनू. अंगाने दांडगा, मनाने लोणी. सांगितलेलं काम तो करायचाच. सांगितलं तस्संच करायचा, हीच तर पंचाईत होती.

भेंडेमळ्याला लागून एक ओढा होता. ओढ्यावरचा पूल ओलांडला की उद्याननगर. दोन्हीकडची माणसं घरपट्टी सारखीच भरायची. पण उद्याननगरात दरवर्षी नवा डांबरी रस्ता व्हायचा आणि भेंडेमळ्यात दरवर्षी नवे खड्डे. रिक्षावाले पुलापाशीच माणसं उतरवून द्यायचे. शेवंताकाकूंचे यजमान तात्या गुडघ्यांनी अधू होते. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्चीसकट उचलून पुलापर्यंत न्यायचं. तीन खांदे दमायचे, चौथा गेनूचा.

एकदा काकू चिडल्या. अर्ज लिहिला, गावभर हिंडून सह्या घेतल्या आणि गेनूला म्हणाल्या, "हा पालिकेतल्या रस्त्याच्या साहेबांना दे. टेबलावर ठेवू नकोस, तिथून हरवतात. थेट हातात दे."

"थेट हातात," गेनू म्हणाला.

गेला. साहेब डबा खात होते. डावा हात ताकाच्या वाटीवर, उजवा वरणभातात. गेनूने उजवा हात धरला, मूठ उघडली, अर्ज ठेवला, मूठ मिटली. गावाच्या सह्यांवरून वरण ओघळलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, साहेबांचे हात रिकामे आहेत का, ते आधी बघायचं! रिकामे झाल्याशिवाय काही द्यायचं नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

चार दिवसांनी साहेब स्वतःच पाहणीला आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फाइल. पुलाजवळ पाणी साचलं होतं. साहेबांना वाटलं, डबकं असेल. पाय टाकला आणि कमरेपर्यंत आत गेले. काठावर गेनू उभा होता.

"अरे, बघतोस काय? हात दे!"

गेनूने वाकून नीट पाहिलं. "साहेब, तुमचे हात भरलेत."

"अरे, मी खाली चाललोय!"

"काकूंनी सांगितलंय. हात रिकामे झाल्याशिवाय काही द्यायचं नाही. मग हात तरी कसा देऊ?"

छत्री सुटली, फाइल बुडाली, तेव्हा कुठे गेनूने साहेबांना वर काढलं.

"अरे मेल्या!" काकू ओरडल्या. "माणूस खड्ड्यात दिसला की बोलत बसायचं नाही. धरायचं आणि बाहेर ओढायचं!"

"बरं," गेनू म्हणाला.

पण कमरेएवढा खड्डा अंगावर घेतलेला माणूस तो खड्डा विसरत नाही. आठ दिवसांत साहेबांनी खड्डा बुजवायला एक गडी पाठवला. गावाला आनंद झाला. गडी फावडं घेऊन गाळ काढायला खड्ड्यात उतरला. गेनूने मागून काखेत हात घातले आणि त्याला रस्त्यावर आणून ठेवलं.

गडी पुन्हा उतरला. गेनूने पुन्हा काढला.

"सोड रे! मी काम करतोय!"

गेनू बोलत बसला नाही. सात वेळा काढला. आठव्यांदा गडी आपणहून बाहेरच राहिला आणि पालिकेत जाऊन त्याने सांगितलं, "भेंडेमळ्याची माणसं काम करू देत नाहीत."

काकू ओट्यावर मटकन बसल्या. ओरडायचंही त्राण नव्हतं. "गेनू, रस्त्यावर कुणी काम करताना दिसलं की त्याला ओढायचं नसतं रे. त्याच्या जोडीला लागायचं असतं. जाऊ दे, आपलं नशीबच फुटकं. नाहीतर तिकडचा थोडा रस्ता इकडे आला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

गेनूने विचार केला. "कुणाचंच नाही," तो म्हणाला. काकूंचे डोळे ओले बघून त्याला फार वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात बातमी आली. पालिकेचे सगळ्यांत मोठे साहेब बुधवारी चार वाजता येणार. दोन्हीकडचे रस्ते बघणार आणि ज्यांचा जास्त वाईट, त्यांना यंदा नवा रस्ता देणार. गावाला पहिल्यांदाच आपल्या खड्ड्यांचा अभिमान वाटला.

बुधवारी सकाळपासून सारं गाव मारुतीच्या देवळात बसून भांडत होतं. साहेबांपुढे आधी कुणी बोलायचं, हे ठरेना. काकूंनी गेनूला हातगाडी दिली. "उद्याननगरातल्या मांडववाल्याकडून खुर्च्या घेऊन ये."

गेनू निघाला. पूल ओलांडल्यावर वाटेत दोन माणसं नळ जोडायला रस्ता हातभर खणत होती. गेनू लगेच त्यांच्या जोडीला लागला. असला फुकटचा मदतनीस बघून ती दोघं चहाला गेली. गेनू खणत राहिला. नळापासून बागेपर्यंत, बागेपासून पुलापर्यंत. निघालेली खडी आणि डांबराची ढेकळं गाडीत भरली, भेंडेमळ्यात आणली, खड्ड्यांत ओतली, वर नाचून दाबली. पुन्हा गेला, पुन्हा आणलं.

उद्याननगरात त्याला कुणीही अडवलं नाही. रस्ता खणणाऱ्याला कोण अडवतं? एका आजोबांनी फक्त विचारलं, "कधी संपणार रे?"

"सगळा संपला की," गेनू म्हणाला.

चार वाजता मोठ्या साहेबांची गाडी उद्याननगरातून आली. उद्याननगरात ती तीनदा अडकली, दोनदा ढकलावी लागली. मग पुलावरून भेंडेमळ्यात शिरली ती लोण्यावरून सुरी फिरावी तशी. साहेबांनी गाडीतच चहा ओतून घेतला. थेंबसुद्धा सांडला नाही.

गाव देवळातून धावत बाहेर आलं आणि आपल्याच रस्त्याकडे बघत उभं राहिलं. आधी कुणी बोलायचं ते एकदाचं ठरलं होतं. बोलायला काही उरलं नव्हतं.

"उत्तम!" मोठे साहेब म्हणाले. "यंदाचा रस्ता उद्याननगरला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. गेनू घाम पुसत गर्दीतून पुढे आला आणि साहेबांच्या गाडीला टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"रडू नका हो काकू! त्यांना होऊ द्या नवा. झाला की तोही आणतो!"