येसाजीचा उजवा हात

एका डोंगरी गावाच्या बाजारात एक भडभुंज्या होता. त्याचं नाव दामोबा. सकाळी तो भट्टी पेटवी, कढईत वाळू तापवी आणि दिवसभर चणे, शेंगदाणे, लाह्या भाजत बसे. फुटाणे त्याचे चांगले असत. पण लोक फुटाण्यांसाठी जेवढे येत, त्याहून जास्त त्याचं बोलणं ऐकायला येत. दामोबाला वादाचा नाद होता. भाकरी ज्वारीची चांगली की नाचणीची इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत कुठल्याही विषयावर तो बोले, आणि समोरचा गप्प होईपर्यंत बोले. समोरचा गप्प झाला, की तो कढईवर झारा ठण्णकन आपटी. तो त्याचा विजयाचा नगारा. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त, जो गप्प झाला तो हरला, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

त्याच गावात येसाजी राहत असे. येसाजी लोकांची घरं शाकारून पोट भरी. पण त्याची ओळख ती नव्हती. साऱ्या मुलखात तो नावाजलेला मुष्टियोद्धा होता.

त्या मुलखात मुष्टियुद्धाची मोठी हौस. दर वर्षी चैत्राच्या जत्रेत दोन गडी रिंगणात समोरासमोर उभे राहत. हातांना सुती पट्ट्या बांधायच्या. पण आपल्या हाताला आपण नाही. ह्याने त्याचे हात बांधायचे, त्याने ह्याचे. पट्टीत कुणी खडा लपवू नये म्हणून ही रीत पडली होती. एकोणीस वर्षांपूर्वी पलीकडच्या गडावरचा हैबती नावाचा गडी जत्रेत येई. सलग सात वर्षं तो जत्रा मारून नेत होता. आठव्या वर्षी त्याच्यासमोर येसाजी उभा राहिला आणि त्याने हैबतीला मातीत लोळवलं. तेही नुसत्या डाव्या हाताने. उजवा हात त्याने छातीशी धरला तो शेवटपर्यंत. लोक वेडे झाले. थोरल्या राजाने येसाजीला जन्मभराचा मान दिला. जत्रेत त्याने राजाशेजारी बसायचं आणि प्रत्येक गड्याची बांधणी तपासायची. ज्याला हा मान मिळाला त्याने पुन्हा लढायचं नाही, अशीही एक रीत होती. येसाजी पुन्हा लढला नाही.

पण तो बाजारातून निघाला, की दुकानदार उठून उभे राहत. तोही सगळ्यांना हात जोडत, ओशाळल्यासारखा हसत घरी जाई. एकदा असाच तो समोरून आला. भट्टीपाशी बसलेले सगळे उठले. त्यांच्याबरोबर दामोबाही उठला, आणि तेवढ्यात त्याचा चण्यांचा अख्खा घाणा करपला. काळे चणे बाहेर काढता काढता दामोबाचं डोकंही तापलं.

"उठायचं कशासाठी?" त्याने विचारलं. "एक झुंज जिंकला माणूस. एकच. मी आयुष्यात एकच घाणा भाजला असता, तर तुम्ही मला भडभुंज्या म्हणाला असता?"

लोक हसले. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दामोबाला विषय गवसला होता आणि गवसलेला विषय तो सोडत नसे. रोज तो त्यात नवी भर घालू लागला. येसाजीने उजवा हात का नाही उचलला? भल्या मोठ्या गड्यासमोर कुणी एक हात छातीशी ठेवून लढतं का? मग त्याने जुन्या लोकांना खोदून खोदून विचारलं. त्यातून एक गोष्ट निघाली. त्या दिवशी हैबतीच्या उजव्या हाताचाही एकही ठोसा लागला नव्हता. हात तो उगारत होता खरा, पण मारत नव्हता. हे ऐकल्यावर दामोबाने झारा इतक्या जोरात आपटला, की शेजारचा कासार दचकला. दोघांचे उजवे हात शोभेचे, म्हणजे झुंज आधीच ठरलेली होती. आणखी काय पुरावा हवा?

महिनाभरात गाव दुभंगलं. अर्धं गाव येसाजीच्या बाजूने, अर्धं दामोबाच्या. चावडीवर, नदीच्या घाटावर, लग्नाच्या पंगतीत तोच काथ्याकूट. येसाजीच्या कानावर जाई, पण तो काही बोलत नसे. छपरावर बसून गवत पसरत राही. त्याच्या गप्प राहण्याने दामोबाला आणखी जोर चढला.

थोरले राजे तोवर वारले होते. त्यांचा मुलगा गादीवर होता. त्याला अशा गोष्टींची मौज वाटे. जत्रा आठवड्यावर आली असताना त्याने दवंडी पिटवली, की येसाजी मानाला पात्र आहे की नाही याचा निवाडा भर मैदानात होईल. एका बाजूने दामोबा बोलेल, दुसऱ्या बाजूने शाळेचे पंतोजी.

पंतोजी बिचारे भले गृहस्थ. येसाजी किती सज्जन आहे, कुणाचं छप्पर त्याने फुकट शाकारून दिलं, हेच सांगत बसले. दामोबाने ते सगळं कबूल केलं. सज्जनपणाचा मान वेगळा, तो हवा तर द्या, म्हणाला. मग त्याने दोन उजव्या हातांची गोष्ट काढली. लोक माना उंचावून ऐकू लागले. राजाही पुढे सरसावून बसला. शेवटी दामोबा थेट येसाजीकडे वळला.

"येसाजीदादा, एवढंच सांगा. उजवा हात का नाही वापरलात?"

येसाजीने मातीकडे बघितलं. मग म्हणाला, "ते मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, की सांगण्यासारखं काही नाही?"

लोक हसले. येसाजीच्या बाजूचे होते तेही हसले. येसाजी पुन्हा काही बोलला नाही. राजाने हात वर केला आणि मान काढून घेतला. येसाजीने राजाला मुजरा केला, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मैदानातून निघून गेला. कुणी उठून उभं राहिलं नाही. त्या दिवशी दामोबाला लोकांनी खांद्यावर घेतलं. इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं.

मग दिवस वाईट आले. मान गेलेल्या माणसाला छप्पर शाकारायला कोण बोलावणार? लोक दुसऱ्या गावाहून माणसं आणू लागले. रस्त्यात पोरं येसाजीला बघून एक हात छातीशी धरून चालत आणि खिदळत. येसाजीने बाजाराचा रस्ता सोडला. ओढ्याच्या काठाने लांबचा वळसा घालून तो घरी जाऊ लागला. एकदा ओढ्यावर वाळू आणायला गेलेल्या दामोबाला तो दिसला. येसाजी चिखलातून तोल सावरत चालला होता. दामोबाला वाटलं, हाक मारावी, दोन शब्द बोलावेत.  पण त्याने मान खाली घालून वाळूची पाटी भरली. त्या दिवशी भट्टीवर त्याचं लक्ष लागलं नाही.

दिवाळीनंतर येसाजीने अंथरूण धरलं. वैद्य म्हणाला, छातीत कफ झालाय. शेजारणी म्हणाल्या, उभारीच राहिली नाही माणसाला. मार्गशीर्षात तो गेला. तिरडीला चार खांदे मिळाले, पाचवा मिळाला नाही. दामोबाला बातमी कळली होती. भट्टी पेटलेली आहे, आता कसं जाणार, असं त्याने स्वतःलाच सांगितलं आणि तो गेला नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी एक उंच म्हातारा धुळीने माखलेला भट्टीपाशी येऊन उभा राहिला. दोन घाट चालून आला होता. त्याने येसाजीचं घर विचारलं. विचारताना उजव्या हाताने दिशा दाखवली, तेव्हा दामोबाला दिसलं, की त्याचं मनगट वाकडं होतं. मोडून तसंच जुळून आलेल्या हाडासारखं.

"आपण कोण?" दामोबाने विचारलं, पण त्याला उत्तर कळलं होतं.

"हैबती. गडावरचा. येसाजीचा मान काढल्याचं मला गेल्या आठवड्यात कळलं. निघालो तसाच आलो. राजासमोर मला काही सांगायचं आहे. आधी येसाजीला भेटतो."

आयुष्यभर ज्याचे शब्द कधी अडले नव्हते, त्या दामोबाला तीन शब्द बोलायला फार वेळ लागला. येसाजी गेला, पाहुणे.

म्हातारा भट्टीच्या ओट्यावर बसला. लोक गोळा झाले. कुणीतरी पाणी दिलं. ते त्याने घेतलं नाही. मग तो कुणाकडेच न बघता बोलू लागला. त्या जत्रेआधी चार दिवस तो घोड्यावरून पडला होता आणि त्याचं मनगट मोडलं होतं. झुंज सोडली असती तर गडावरची चाकरी गेली असती. लंगड्या घोड्याला आणि हात मोडलेल्या गड्याला गडावर जागा नसे. घरी खाणारी नऊ माणसं होती. म्हणून मोडका हात घेऊन तो रिंगणात आला. कुणाला कळलं नाही. पण रीत होती. त्याचे हात येसाजीने बांधायचे होते.

"त्याने माझा हात हातात घेतला आणि त्याला कळलं," हैबती म्हणाला. "पंचांना सांगितलं असतं, तर न लढताच जिंकला असता. त्याने काय केलं? पट्टी अशी बेताने बांधली, की हाड हलू नये. आणि माझ्या कानात म्हणाला, आज माझाही उजवा नाही. मग आम्ही दोघंही डाव्याने लढलो. डाव्याने मी अर्ध्या मुलखाला लोळवलं होतं, बाबांनो. त्याने मला खरोखर हरवलं. झुंज झाल्यावर मी त्याचे पाय धरले आणि शपथ घातली, की हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस."

मग तो म्हणाला, "मी चाकरी सोडून सहा वर्षं झाली. आता सांग म्हणून निरोप धाडायला काय लागत होतं? माझ्या ध्यानातच आलं नाही. तो शपथ पाळत बसला आणि मी विसरून गेलो."

भट्टीवर चणे तडतडत होते. दामोबाच्या हातातला झारा खाली पडला. पुरावा तर सगळा खरा होता. दोन्ही उजवे हात खरे, त्यांनी ठोसा न मारणंही खरं. त्यातून त्याने काढलेलं तेवढंच खोटं होतं. त्याला भडभडून आलं आणि सगळ्यांदेखत तो रडला.

बातमी वाड्यावर पोहोचायला वेळ लागला नाही. राजाने तडकाफडकी हुकूम काढला, येसाजीचा मान परत. दवंडीवाला ढोलकं घेऊन बाजारभर ओरडत सुटला. मैदानात हसले होते तेच आता एकमेकांना सांगू लागले, की आम्हाला पहिल्यापासून वाटतच होतं. दामोबाने कुणाचं काही ऐकलं नाही. हैबतीचा हात धरून तो येसाजीच्या घरी गेला.

येसाजीची बायको सगुणा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. हैबतीने तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. येसाजीने तिलाही कधी सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. दामोबा खांबाला टेकून उभा होता. ही आता शिव्याशाप देईल, असं त्याला वाटत होतं, आणि तिने ते द्यावेत असंही वाटत होतं.

"वहिनी, माझं चुकलं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागालाही अंगात थोडी ताकद लागते.

"दुखण्यात एकदा मी त्यांच्या उशाशी बसले होते," ती म्हणाली. "म्हटलं, आता तरी मला खरं सांगा, त्या दिवशी काही लबाडी होती का? ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी गेले."  "चोवीस वर्षं संसार केला, दामोबा. मी असं कधी विचारलं नसतं. तुमचा प्रश्न माझ्या तोंडी आला."

हैबतीने तोंड झाकून घेतलं.   सगुणेने सूप बाजूला सारलं आणि ती आत निघून गेली. 

तात्पर्य: जो उत्तर देत नाही तो खोटाच असतो, असं मानू नये. त्याचं मौन दुसऱ्या कुणाची तरी अब्रू राखत असेल. कुणाच्या नावलौकिकावर संशय घेण्याआधी हे ध्यानात ठेवावं, कारण काढून घेतलेला मान मागाहून परत करता येतो, तो ज्याचा होता त्या माणसाला परत आणता येत नाही.