गोष्टीत न आलेली सात घरं

फार जुन्या काळी एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक लेखनिक राहत होता. सगळे त्याला आप्पा म्हणत. लेकीच्या सासरी निरोप धाडायचा असो की राजाकडे अर्ज करायचा असो, लोक आप्पाकडे येत. आप्पाला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. नुसतं मागणं लिहिलं तर त्यावर कुणी ध्यान देत नाही. पण त्यात एखाद्या माणसाची छोटीशी हकिकत घातली, की वाचणाऱ्याचं मन विरघळतं. त्याने लिहिलेला अर्ज कधी फुकट गेला नव्हता.

एका वर्षी गावातला पाथरवट घाबराघुबरा होऊन डोंगरावरून खाली आला.

"वर भेग पडलीय," तो चावडीवर म्हणाला. "चैत्रात दोन बोटं होती, आता चार बोटं झालीय. पायथ्याची घरं हलवू. पलीकडच्या माळावर जाऊ."

लोक धास्तावले. काहींनी भांडीकुंडी बांधायला घेतली. पण पाटलाचा बाजार पायथ्याशीच भरायचा. गाव उठलं तर बाजारही उठणार होता. पाटलाने आप्पाला बोलावून घेतलं.

"आप्पा, लोक भेदरलेत. असं काही लिही, की त्यांचा जीव भांड्यात पडेल."

"पण पाटील, भेग खरंच वाढली तर?"

"माझ्या आज्याच्या आधीपासून उभा आहे तो डोंगर. आणि तुला खोटं लिही असं कोण म्हणतंय? जे खरं आहे त्यातलंच काहीतरी शोध."

आप्पाला ते पटलं. खरं लिहिण्यात कसलं आलंय पाप?

तो ठकूबाईकडे गेला. ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. ती नवी सून असताना या डोंगराचा एक कडा कोसळला होता.

"मी भाकऱ्या थापत होते," ठकूबाई सांगू लागली. "मोठ्ठा आवाज झाला. कोंबड्या घरात शिरल्या. बैलाएवढा धोंडा गडगडत आला आणि माझ्या उंबऱ्याशी थांबला. तव्यावरची भाकरी करपलीसुद्धा नाही बघ." मग ती म्हणाली, "शेजारची सात घरं मात्र गेली. माझी धाकटी बहीण होती त्यात. माझ्याजवळ राहील म्हणून मीच सांगून तिला शेजारी दिली होती. तेही लिहिशील ना?"

"लिहितो की," आप्पा म्हणाला.

पण लिहायला बसल्यावर त्याला वाटलं, ती सात घरं आली की गोष्टीची गोडी जाते. त्याने ती गाळली. धोंडा, उंबरा आणि न करपलेली भाकरी, एवढंच ठेवलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ती गोष्ट चावडीवर वाचली. भाकरीपाशी लोक हसले, उंबऱ्यापाशी बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि माझी बहीण?" मागून ठकूबाईने विचारलं. पण तोवर लोकांनी तिच्याभोवती गर्दी केली होती. जो तो तिच्या पाया पडत होता. त्या गडबडीत तिचा प्रश्न कुणाच्या कानावर गेला नाही. आप्पाच्या गेला. त्याने मान खाली घातली.

बांधलेली भांडी पुन्हा फळीवर चढली. एकटा पाथरवट तेवढा बायकोमुलांना घेऊन माळावर राहायला गेला.

श्रावण संपता संपता तो आप्पाच्या दारात आला. मग त्याला डोंगरावर घेऊन गेला. भेगेपाशी वाकून पाथरवटाने तिच्यात हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला.

आप्पा तसाच खाली आला आणि पुन्हा लिहायला बसला. या वेळी त्याने भेगेचं माप लिहिलं. सातही घरांतल्या माणसांची नावं लिहिली. चावडीवर उभं राहून त्याने ते वाचलं, पण तिसऱ्या घरापाशीच लोक चुळबुळ करू लागले.

"आप्पा, मागची गोष्ट किती छान होती," एकजण म्हणाला. "तीच वाचा ना पुन्हा."

"अरे, ती अर्धी होती!"

"मग खोटी होती का?"

खोटी तर ती नव्हतीच.

आप्पा ठकूबाईकडे धावला. "आजी, तुम्ही तरी माळावर चला. तुम्ही उठलात तर गाव उठेल."

ठकूबाईने गावाला परोपरीने सांगून पाहिलं. लोक म्हणाले, म्हातारीचं वय झालं, आता काहीबाही आठवतं तिला. त्यावर ती आप्पाला म्हणाली, "तू जा बाबा. माझ्या नावावर सगळे इथे थांबलेत. त्यांना सोडून मी एकटी कशी उठू?"

शेवटी आप्पा आपल्या लेकीकडे गेला. मैनाला त्याच गावात दिली होती. ती मुलाला जेवू घालत होती आणि घासाघासाला तीच गोष्ट सांगत होती, उंबऱ्याशी थांबलेल्या धोंड्याची.

"मैना, ऊठ. मुलाला घे आणि चल."

"असं काय करता आप्पा? तुम्हीच तर लिहिलंत, डोंगर आपल्याला काही करत नाही म्हणून."

"मी तसं कुठे लिहिलं?"

"तसं लिहिलं नाही खरं," मैना म्हणाली. "पण वाचून तसंच वाटतं की."

आप्पा तिच्या पाया पडला. तेव्हा ती कशीबशी तयार झाली. "बरं, उद्या येते. आज धुणं वाळत घातलंय."

आप्पा तिचं बिऱ्हाड मांडायला माळावर गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगर खाली आला. पाथरवट आणि आप्पा माळावरून धावत सुटले, पण धावून जायला गावच उरलं नव्हतं. ठकूबाई, मैना, तिचा मुलगा, बाजारात बसलेला पाटील, कुणीच सापडलं नाही. आप्पा चार दिवस हातांनी माती उकरत होता. पाचव्या दिवशी पाथरवटाने त्याला उचलून नेलं.

पुढे बरीच वर्षं गेली. आप्पाने लिहिणं कायमचं सोडलं होतं. एकदा माळावर एक अनोळखी वाटसरू पाणी प्यायला थांबला. त्याच्या गावावरच्या डोंगरालाही म्हणे भेग पडली होती.

"पण आम्ही नाही घाबरत," तो म्हणाला. "आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. एक बाई भाकऱ्या थापत होती..."

आप्पाने त्याचा हात घट्ट धरला. आधीची सात घरं, ठकूबाईची बहीण, नंतर गेलेलं सबंध गाव, आपली मैना, सगळं त्याला सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बसला. वाटसरूने मन लावून ऐकलं. त्याचेही डोळे ओले झाले.

मग त्याने हळूच विचारलं, "पण तेव्हा ती बाई वाचली ना?"

"तेव्हा वाचली," आप्पा म्हणाला.

"मग झालं तर!" वाटसरूने सुटकेचा श्वास सोडला, आप्पाला नमस्कार केला आणि आपल्या गावाच्या वाटेला लागला.

तात्पर्य: एका माणसाची हकिकत हजारांचं मन वळवते, म्हणून जीव वाचलेल्याची गोष्ट लिहिताना न वाचलेल्यांना गाळू नये, कारण गाळलेलं पुढे कितीही ओरडून सांगितलं तरी कुणाला ऐकू जात नाही.