चिखल लावलेला पेला

फार जुन्या काळी बसरा शहरात सुफयान नावाचा कारागीर काचेच्या भांड्यांवर नक्षी काढायचा. एकदा त्याने मातीत चांदीची भुकटी कालवली आणि एका नव्याकोऱ्या पेल्यावर पक्षी रंगवला. पक्षी कसला, चिखलाचा डागच दिसत होता.

"तोंड धुवून ये रे," फळीवरचे स्वच्छ पेले म्हणाले.

पेला शरमला. शेजारी पाण्याने भरलेली जुनी काचेची सुरई होती. तिच्या पोटावर सोनेरी मासा चमकत होता. पेला तिला म्हणाला, "मावशी, थोडं पाणी ओत ना. हा चिखल जाऊ दे."

"आज नाही," सुरई म्हणाली. "आत्ता ओतलं तर पक्षीही वाहून जाईल. माझा मासाही आधी असाच होता. तू भट्टीत जाऊन ये, मग हवं तेवढं पाणी देते."

पेला रुसूनच भट्टीत गेला. बाहेर आला तो काळाठिक्कर होऊन. सुफयानने त्याला उचललं, तेव्हा खाली फुटक्या काचांची टोपली पाहून पेला गारठलाच. पण सुफयानचा हात टोपलीवरून पुढे गेला. त्याने सुरईतल्या पाण्याने फडकं भिजवलं आणि पेला हलकेच पुसला. माती निघून गेली. भट्टीच्या आचेत चांदीने काचेला सोनेरी रंग दिला होता; काचेवर सोनेरी पक्षी उरला.

"जमलं बाबा एकदाचं," सुफयान म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्याचाही.

दुसऱ्या दिवशी फळीवर चिखलाने माखलेला नवा पेला आला. बाकीचे हसायच्या आत सोनेरी पक्ष्याचा पेला सुरईला म्हणाला, "मावशी, हा पाणी मागेल. देऊ नकोस."