दिलेली सायकल

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. पंचक्रोशीत त्यांना सारे ‘वैद्यराज’ म्हणत. बोलणे मोजके, औषध कडू, आणि नाडी पाहताना डोळे मिटून घेण्याची सवय. त्यांच्यापाशी हेरंब नावाचा एकच शिष्य होता. मिसरूड फुटण्यापूर्वी तो शिकायला आला, आणि आता घरसंसाराला लागून बाहेरगावचे रोगी स्वतंत्रपणे पाहू लागला होता.

या हेरंबाची एक सायकल होती, आणि त्या सायकलीवर त्याचा विलक्षण जीव होता. लहानपणी त्याने सायकल शिकली ती भाड्याची. मोठ्या माणसाच्या उंचीची ती सायकल. सीटवर बसले तर पाय पायडलला पुरत नसत. म्हणून इतर पोरांप्रमाणे दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा, कमरेत वाकडे व्हायचे आणि अर्धे अर्धे पायडल मारीत गावभर हिंडायचे. पुढे वैद्यराजांकडे आल्यावर एका उन्हाळ्यात त्याने रानोमाळ भटकून हिरडे आणि बेहडे गोळा करून विकले, आणि त्या पैशांतून स्वतःची नवी सायकल घेतली. दुकानाबाहेर तो दांड्यावरून पाय टाकून ऐटीत सीटवर बसला आणि त्याचे पाय जमिनीला टेकले. आपण आता माणसांत आलो, असे त्याला त्या क्षणी वाटले.

त्याच सायकलीवरून तो औषधांची पिशवी घेऊन गावोगाव गेला. सापाने दंश केलेल्या एका गुराख्याला त्याने तिच्याच कॅरिअरवर बांधून सरकारी दवाखान्यात पोचवले. लग्न झाल्यावर बायकोला पुढच्या दांड्यावर बसवून जत्रेला नेले, तेव्हा वाटेतल्या बायका पदराआड हसल्या होत्या, आणि तो छाती काढून पायडल मारीत राहिला होता.

पुढे कामाचा व्याप वाढला. सासऱ्यांनी आपली वापरातली मोटारसायकल त्याला दिली. सायकल पडवीत उभी राहू लागली. त्याच सुमारास गावाबाहेरच्या वस्तीतली द्वारका नावाची मुलगी तालुक्याला परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागली होती. एसटी कधी यायची, कधी नाही. वर्ग चुकू लागले. हेरंबाच्या कानावर हे आले आणि त्याने मनाशी निश्चय केला. एके सकाळी वैद्यराजांच्या दवाखान्यात रोग्यांची गर्दी असताना त्याने द्वारकेला बोलावले, सायकलीच्या हँडलला हळदकुंकू लावले, आणि ती तिच्या हाती दिली.

“ही आजपासून तुझी.”

द्वारकेने वाकून नमस्कार केला. गावात वाहवा झाली. ‘स्वतःची जिवाभावाची वस्तू दिली बघा,’ असे जो तो म्हणाला. घरी परतताना हेरंबाला दुःख होत होते खरे, पण त्या दुःखालाही एक गोडी होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, हेरंबाने ती सायकल पुन्हा पाहिली. आधी त्याला ती ओळखूच आली नाही. परिचारिकेच्या पांढऱ्या साडीतली द्वारका भाजीवाल्यांच्या रांगेतून वाट काढीत येत होती, आणि तिच्या सायकलीला दांडा नव्हता. सीटपासून हँडलपर्यंत गेलेला तो सरळ, भक्कम दांडा कोणीतरी कापून काढला होता. त्याच्या जागी खाली झुकलेला एक जाड पाइप वेल्डिंग करून बसवला होता. जोडाच्या जागी लोखंडाची ओबडधोबड गाठ दिसत होती.

हेरंबाच्या डोक्यात सणक गेली. मोटारसायकल तशीच आडवी घालून तो धावला आणि त्याने हँडल धरले.

“हे काय केलंस? काय केलंस हे?”

द्वारका दचकून खाली उतरली. “वैद्यदादा, काय झालं?”

“दांडा कुठाय? कोणी कापला?”

“वेल्डिंगवाल्यानं. साडी नेसून त्याच्यावरनं पाय टाकता येत न्हवता, दादा. भर रस्त्यात दोनदा पडले. पोरं हसली. म्हणून मग...”

“म्हणून कापून टाकलास? मला विचारलंस? अगं, नव्यासारखी ठेवली होती मी ती! एक ओरखडा नव्हता तिच्यावर!”

माणसे गोळा झाली. द्वारकेचे तोंड लाल झाले. “पण तुम्ही दिली होती ना मला?”

“चालवायला दिली होती. तोडायला नाही!”

आणि हेरंबाने तिच्या हातून सायकल हिसकावून घेतली. मागच्या कॅरिअरला लावलेला तिचा डबा आणि पुस्तकांची पिशवी त्याने काढून तिच्या हाती दिली. तेवढे भान त्याला होते, आणि त्याहून अधिक नव्हते.

द्वारका रडली नाही. तिने पिशवी छातीशी धरली. “न्या,” ती म्हणाली. “पर आता दिली म्हणून गावात सांगू नका.” आणि ती गर्दीतून चालू लागली.

सायकल पुन्हा पडवीत आली. त्या रात्री हेरंब जेवला नाही. बायको म्हणाली, “अहो, लोखंडच आहे ते.” तो तिच्यावरही खेकसला. त्याच दांड्यावर तू बसली होतीस, असे त्याला म्हणायचे होते. पण ते तोंडातून निघाले नाही, आणि त्यामुळे त्याला अधिकच राग आला. इकडे द्वारकेच्या थोरल्या भावाला आयते निमित्त मिळाले. ‘चव्हाट्यावर शोभा झाली ती पुरे. शिकणं बास, घरी बस,’ असे त्याने बहिणीला बजावले. ही वार्ता दवाखान्यात येणाऱ्या एका बाईने सांगितली. हेरंब खाली मान घालून पुड्या बांधीत राहिला. चूक आपली नाही, असे तो मनात घोकत होता.

वैद्यराजांनी हे सारे ऐकले, आणि डोळे मिटून पुढच्या रोग्याची नाडी पाहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. त्यांचा एक काळ्या दगडाचा खल होता. त्यांच्या गुरूंकडून तो त्यांना मिळाला होता आणि दुसऱ्या कोणालाही त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. तो खल त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि हेरंबापुढे ठेवला.

“हा तुला दिला. आता माझ्या हातांत जोर राहिला नाही.”

हेरंब भारावून गेला. गुरुजींना आपली बाजू पटली आहे, त्याशिवाय का इतकी मोठी वस्तू आपल्याला दिली, असेही त्याच्या मनात आले. त्याने लगेच बैठक मारली आणि सुंठ कुटायला घेतली.

“हळू,” वैद्यराज म्हणाले. “दगड आहे तो. घाव घालू नकोस, घोट.”

“हो, गुरुजी.”

“आणि तिथं नको ठेवू. तिथं ऊन येतं.”

हेरंबाने खल सावलीत सरकवला. दुसऱ्या दिवशी त्याने त्यात मिरे घेतले, तर वैद्यराज जागेवरून म्हणाले, “त्यात तिखट वस्तू मी कधी घोटली नाही.” त्याने मिरे काढून खल धुतला, तर म्हणाले, “एवढं पाणी ओतायचं असतं का?” तो पुसायला लागला, तर फडके कोणते घेतले ते पाहायला स्वतः उठून आले. रोग्यांसमोर टोकत, रोगी गेल्यावर टोकत. हेरंब दुपारी घरी जाऊन परत आला की खल जागचा हललेला असे. त्याच्या कपाळाची शीर उडू लागली. पण गुरूपुढे बोलावे कसे? तो दातांवर दात रोवून घोटत राही.

खल गुळगुळीत फरशीवर घसरे. म्हणून एके दिवशी हेरंबाने जुन्या टायरची एक पट्टी कापली, तिचे कडे केले आणि खलाच्या बुडाला घट्ट चिकटवले. खल जागच्या जागी राहू लागला. हाताला आराम पडला. तेवढ्यात वैद्यराज आत आले. त्यांनी ते काळे रबर पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

“हे काय चिकटवलंस?” त्यांचा आवाज कापत होता. “टायर? माझ्या गुरूंच्या खलाला टायर? काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!”

हेरंब ताडकन उभा राहिला. इतक्या वर्षांत गुरूपुढे त्याचा आवाज कधी चढला नव्हता. तो चढला.

“मी नाही काढणार! हा खल मला दिलात की नाही दिलात? द्यायचा नव्हता तर द्यायचा नव्हता! घोटायचं मी, हात दुखणार माझे, आणि कसा घोटायचा, कुठे ठेवायचा, ते सगळं अजून तुम्हीच ठरवणार? मग दिलंत काय मला? नुसतं ओझं?”

वैद्यराज दारातच थांबले. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

हेरंबाला आणखी बोलायचे होते. शब्द जिभेवर आलेही होते. पण तेवढ्यात आपण आताच काय बोललो ते त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंत पोचले. बाजारातली माणसे त्याला दिसली, लाल झालेले एक तोंड दिसले. त्याचा वर उचललेला हात तसाच खाली आला. तो फरशीवर बसला.

“तुम्ही हे मुद्दाम केलंत,” तो म्हणाला. राग अजून ओसरला नव्हता.

“पहिले दोन-तीन दिवस मुद्दाम केलं,” वैद्यराज त्याच्याजवळ बसत म्हणाले. “नंतरचं मुद्दाम नव्हतं. आत्ता ते रबर पाहिलं आणि मला खरंच संताप आला. एवढं वय झालं, तरी आला. म्हणून तुझा राग मला खोटा वाटत नाही, हेरंबा. जिवाभावाच्या वस्तूला कोणी कापलं तर माणसाला राग येणारच. पण तू तिला सायकल दिलीस तेव्हा सोबत एक अट दिली होतीस. माझ्या साऱ्या आठवणी होत्या तशा सांभाळ, ही ती अट. ती तू तिला सांगितली नाहीस. मला वाटतं, स्वतःलाही सांगितली नव्हतीस. न सांगितलेली अट तिनं पाळावी कशी? तुझ्या आठवणी तुझ्यापाशी आहेत, त्यांना करवत लागलेली नाही. त्यांचं वजन त्या पोरीनं पायडल मारून का ओढायचं? तिला शिकायला जायचं होतं रे, आणि तो दांडा तिच्या वाटेत आडवा येत होता.”

 मग वैद्यराजांनी खल हेरंबाकडे सरकवला, रबरासकट.

“हा तुझा. मला अधूनमधून राग येईल. तू लक्ष देऊ नकोस.”

हेरंब उठला. घरी जाऊन त्याने पडवीतून सायकल बाहेर काढली. चाकांत हवा भरली. तिच्यावर बसून जावे असे त्याच्या मनात आले, पण तो बसला नाही. हाताने ढकलीत तो वस्तीपर्यंत चालत गेला. वाटेत लोक विचारीत होते आणि तो म्हणत होता, “द्वारकेची आहे, परत करायला निघालोय.” हे वाक्य प्रत्येक वेळी त्याला जड गेले.

द्वारकेचा भाऊ दारातच उभा होता. “आता कशाला आणली? आमची पोर नाही जायची कुठं. परत भर बाजारात हिसकावून घ्याल.”

“चूक माझी होती,” हेरंब म्हणाला. “चारचौघांत केली, म्हणून चारचौघांत सांगत आलोय. तिचं शिक्षण माझ्या रागापायी थांबवू नका. उद्या कोणी काही बोललं तर माझं नाव सांगा.”

भाऊ दारातून बाजूला झाला. द्वारका बाहेर आली. तिने सायकलीकडे पाहिले, हेरंबाकडे पाहिले नाही.

“मला नको.”

“द्वारका, तुझीच आहे ती.”

“तेव्हाबी तुम्ही हेच म्हणाला होता.” आता ती त्याच्याकडे वळली, आणि बाजारात न आलेला तिचा सारा संताप उसळून आला. “समद्या बाजारात हिसकावून घेतलीत, दादा! मी चोरी केल्यासारखी. त्या दिवशी पिशवी घेऊन घरापत्तुर चालत आले, एक माणूस माझ्या बाजूनं बोललं नाही. पडले तेव्हा माझे गुडघे फुटले होते, ते विचारलंत? दांडा तेवढा विचारलात!”

 काही समजावून सांगावे असे हेरंबाच्या ओठांवर आले ते त्याने गिळले, आणि तो ऐकत उभा राहिला. तिचा राग बोलून बोलून संपला नाही. ती फक्त दमली. मग पुढे होऊन तिने हँडल आपल्या हाती घेतले.

“वर्ग बुडालेत, म्हणून घेते,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी नाही.”

“बरं.”

“आणि हिला मी रंग देणार हाये. आकाशी.”

 हेरंबाने एकदा सायकलीकडे पाहिले. तिचा जुना रंग त्याने तळहाताने पुसला.

“दे,” तो म्हणाला.

द्वारकेने पदर खोचला, झुकलेल्या पाइपावरून सहज पाय टाकला आणि अंगणाला एक फेरी मारली. भाऊ पाहत होता. हेरंब मात्र वळून वाटेला लागला होता. राग अजून त्याच्या सोबत होता, दुःखही होते. पण आता ते त्याचे त्याने वागवायचे होते.

आपणही घरातून बरेच काही देत असतो. त्यातले खरोखर हातून सुटलेले किती, ते ज्याचे त्याने पाहावे.