क्षमा नाकारणारा गोलंदाज

एकदा एका डोंगरी राज्यात हैबती नावाचा तोफखान्यातला एक जुना गोलंदाज, आपल्या नावापुढचा एक शब्द बदलून मिळावा म्हणून दरबाराच्या पायऱ्या झिजवीत होता. तो शब्द होता 'पळपुटा'. सैन्यातून काढताना सेनापतींनी त्याच्या कागदावर हाच शेरा मारला होता. ऐन वेढ्यात तोफ सोडून तो रानात निघून गेला होता, आणि हे खोटे नव्हते. आता केस पिकले, तरी दसऱ्याला गावातल्या जुन्या सैनिकांना मानाचा विडा देताना तबक त्याच्यापुढून तसेच पुढे जाई. त्याची लेक ते पाहत उभी राही.

नगरात एक वृद्ध आचार्य होते, न्यायशास्त्राचे जाणकार. त्यांचा शिष्य हैबतीचे अर्ज लिहून देत असे. दफ्तरदार म्हणे, दिवाणांना विचारा. दिवाण म्हणत, सेनापतींचा शेरा आम्ही कसा बदलावा? सेनापतींकडे जावे, तर कागद दफ्तरात गेला, आता आमचा काय संबंध, असे उत्तर मिळे.

"प्रत्येक वेळी तेच!" शिष्य एकदा वैतागून म्हणाला. "या गडावर लढला, त्या खिंडीत लढला, तरी कृपा करून पदरात घ्यावे. मला आता हे पाठ झालंय."

"मग काय लिहायचं ते तुम्हीच सांगा!" हैबतीही चिडला. "लढलो ते खोटं आहे का?"

शेवटी दिवाणच कंटाळले. त्यांनी हैबतीला, शिष्याला आणि आचार्यांनाही बोलावून घेतले. शेजारी सेनापती बसले होते.

"ही कटकट आज मिटवून टाकू," दिवाण म्हणाले. "हैबती, राज्याने तुला क्षमा केली आहे. यापुढे मानाचा विडाही मिळेल. आता पुन्हा येऊ नकोस."

हैबती पाया पडायला वाकला. तोच आचार्यांनी त्याचा दंड धरला. "दिवाणजी, ही क्षमा आम्ही घेत नाही."

दिवाणांनी कपाळाला हात लावला.

बाहेर येताच शिष्याचा संयम सुटला. "गुरुजी, तोंडाशी आलेला घास आपण काढून घेतलात! इतक्या खेपा घातल्या त्या कशासाठी?" हैबती तर पायरीवरच बसला. आचार्य त्याच्या शेजारी बसले.

"हैबती, एवढे अर्ज केलेस. पण त्या दिवशी काय झालं, ते एकातही नाही."

"लाज वाटते."

"कशाची?"

हैबतीने आधी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिले. मग म्हणाला, "शेजारची तोफ फुटली. तिच्यावर माझा चुलतभाऊ होता. त्याचं काही उरलं नाही. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. हात असे थरथरायला लागले की बत्ती धरवेना. पुढचं नीटसं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा रानातल्या ओढ्यात उभा राहून अंगावरचं रक्त धूत होतो. ते माझं नव्हतं." त्याने मान खाली घातली. "अजून लग्नात बार उडाला की मी गोठ्यात जाऊन बसतो. आता हे दरबारात सांगू?"

आचार्य शिष्याकडे वळले. "क्षमा अपराध्याला करतात. ती घेतली असती, तर पळपुटेपणा याने स्वतःच कबूल केला असता. तोफेने ज्याचा पाय जातो, त्याला आपण भित्रा म्हणत नाही. याची जखम कोणाला दिसली नाही, आणि यानेही ती शौर्याच्या गोष्टींखाली झाकून ठेवली. मग दरबाराने शेरा बदलावा तरी कशाच्या आधारावर?"

हैबती उठला आणि कोणाला न विचारता पुन्हा आत गेला.

"आता आणखी काय?" दिवाण ओरडले.

त्याने उभ्याउभ्या सगळे सांगितले. या वेळी काहीच झाकून ठेवले नाही. ऐकता ऐकता सेनापती पुढे सरकून बसले.

"मी तुला हाका मारल्या होत्या," ते म्हणाले. "तू माझ्याकडे पाहिलंस आणि चालू लागलास. मला वाटलं, हा माझा हुकूम धुडकावतोय."

"आपले नुसते ओठ हलताना दिसले, सरकार."

सेनापतींनी कागद मागवला, आपल्याच हाताने जुना शब्द खोडला आणि त्यावर लिहिले, 'रणात जायबंदी.'

"यावर दफ्तरदाराचा शिक्का लागेल," दिवाण म्हणाले. "आणि दफ्तरदार आज रजेवर आहेत."

शिष्याने डोके धरले. हैबती मात्र मोकळेपणाने हसला. "येऊ की उद्या."

परतताना शिष्य हैबतीच्या बरोबरीने चालू लागला. मग हळूच म्हणाला, "काका, एवढे अर्ज लिहिले, पण काय झालं होतं, ते मी तुम्हाला कधी विचारलंच नाही."

कोणाला उदार मनाने माफ करण्याआधी, त्याने अपराध केला होता का, एवढे तरी विचारून घ्यावे.