दोन मोकळ्या मात्रा

सत्य तर बोलायचं, पण ते आपण बोललो हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शहाणी माणसं जगात कमी नाहीत. ज्याला हे बोचेल, त्याने ही गोष्ट आधी ऐकावी.

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात गोंदा नावाचा शाहीर होता. गाणी तोच रचायचा, डफही तोच वाजवायचा. मागे तुणतुणं घेऊन झील धरायला, म्हणजे ध्रुपद उचलायला, म्हादू असायचा. वीस वर्षं दोघे एका ताटात जेवले होते.

त्या मुलखात एक रीत होती. रचणाऱ्याने शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं. ‘गोंदा म्हणे’ ऐकलं की गाणं कुणाचं ते कळायचं. निनावी गाणं म्हणजे पोरकं गाणं, आणि ते अपशकुनी.

एका वर्षी राजाने गावतळ्याचं पाणी आपल्या हत्तींना डुंबायला वळवलं. गावच्या गाई तडफडून मेल्या. गोंदाने त्यावर गाणं रचलं, पण शेवटच्या ओळीशी तो थबकला. राजाची नक्कल करणाऱ्या एका बहुरूप्याची जीभ मागच्याच साली वेशीवर टांगली होती. ती त्याने पाहिली होती. त्याने ‘म्हणे’च्या आधीचं आपलं नाव काढून टाकलं.

म्हादू हसला. “नवरदेवाविना वरात काढतोस होय?”

“तिथं नुसता डफ वाजवू,” गोंदा म्हणाला.

बाजारात गाणं रंगलं. शेवटची ओळ आली, दोन मात्रा मोकळ्या गेल्या आणि ताल लंगडला. म्हादूच्या कानाला ते सोसेना. ओठांवर आलेलं गोंदाचं नाव त्याने गिळलं आणि त्या पोकळीत आपलंच घातलं, ‘म्हादू म्हणे’.

तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. गोंदा डफ टाकून एका कुंभारणीच्या रांजणामागे दडला. शिपायांनी म्हादूला धरलं. नाव तर साऱ्या बाजाराने ऐकलं होतं.

सरदाराने दवंडीवाल्याकरवी तीनदा पुकारलं, की गाणं दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याने पुढे यावं.

पहिल्या पुकाराला गोंदा रांजणामागे आणखी खाली वाकला. दुसऱ्याला त्याने रांजणाची कड घट्ट धरली. म्हादू एकदाही त्या बाजूला बघत नव्हता. बघितलं असतं तर सापडला असता गोंदा. तिसऱ्या पुकाराला गोंदाने डोळे मिटले आणि कानांवर हात ठेवले.

तरीही त्याला म्हादूची किंकाळी ऐकू आली.

गोंदा जगला. त्याने नवी गाणी रचली, नावासकट गायली. पण झील धरायला कुणी उभं राहीना. तळ्याचं गाणं मात्र गावोगावी पोचलं. जात्यावर, मोटेवर, सगळीकडे शेवटी ‘म्हादू म्हणे’.

एकदा त्याला राहवलं नाही. बाजारात त्याच कुंभारणीला तो म्हणाला, “आजी, ते गाणं माझं आहे.”

जो आपल्या सत्याखाली आपलं नाव घालत नाही, त्याच्या सत्याची शिक्षा दुसरा भोगतो आणि मानही दुसऱ्याचाच होतो.

म्हातारीने रांजणावर बोट वाजवून पाहिलं. “असेल बाबा,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी या रांजणामागून काही ऐकू आलं नाही.”