दुसरं अनुष्ठान

“पण ती जगेल की नाही, एवढं तरी सांगा, महाराज.”

निरंजनबुवा वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टरांचं काय!” विश्वंभर पाठक म्हणाला. “म्हणतात, गाठ किती मोठी होती, काखेत किती पसरली होती, बाईचं वय काय, ती किती उशिरा आली, केमोचे डोस वेळच्या वेळी होतात की नाही... या सगळ्यावर आहे. म्हणजे त्यांनाही काही माहीत नाही.”

“बरंच माहीत आहे की,” बुवा म्हणाले.

विश्वंभरला हे आवडलं नाही. गोदाकाठच्या या लहानशा मठात तो चैत्रापासून मुक्काम ठोकून होता. बायकोला, कुमुदला, स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झालं, आणि तिला आराम पडावा म्हणून त्याने जपाचं अनुष्ठान धरलं. जमिनीवर निजायचं, एकदाच जेवायचं, अनुष्ठान पुरं होईपर्यंत मठाची हद्द सोडायची नाही. शाळेतली मास्तरकी होती, तिथून बिनपगारी रजा घेतली. बायकोसाठी एवढं करणारा नवरा पंचक्रोशीत दुसरा नाही, असं लोक म्हणत. विश्वंभर लक्ष नसल्यासारखं दाखवी आणि नीट ऐकून घेई.

“गाठ हाताला लागली कधी?” बुवांनी विचारलं.

“माघात कळलं.”

“तुला माघात कळलं. तिला?”

“...श्रावणात.”

“श्रावण ते माघ ती गप्प बसली?”

“माझं पहिलं अनुष्ठान चालू होतं ना, महाराज. चित्तशुद्धीचं. माघी पौर्णिमेला सांगता व्हायची होती. तोवर घरात अशुभ काही बोलायचं नाही, असा नेम होता.”

“नेम कोणी घातला?”

“मी.”

चित्त किती शुद्ध झालं ते देव जाणे, पण सांगतेचं गावजेवण दणक्यात झालं. वाढायला कुमुदच पुढे होती. डावा हात उचलताना तिचा चेहरा आक्रसतो, हे एका शेजारणीने टिपलं. नवऱ्याने नाही टिपलं. पाहुणे पांगले, भांडी घासून झाली, आणि मग तिने सांगितलं.

तपासल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला होता, इतके महिने कुठे होतात? तो प्रश्न तेव्हापासून विश्वंभरच्या पोटात रुतून बसला होता. दिवसभर जप केला की जरा गप्प राही. खरं बोलायचं तर हे दुसरं अनुष्ठान कुमुदसाठी कमी आणि त्या प्रश्नासाठी जास्त होतं. पण हे त्याने स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

फाटकाशी चाहूल लागली. कुमुद आली होती.

एका हातात पितळी डबा, खांद्याला कापडी पिशवी. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कारण केस गेले होते. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि तिथेच पायरीवर बसली. मग गुडघ्यांवर कपाळ टेकलं.

“रोज तीच आणते?” बुवांनी हळू विचारलं.

“अनुष्ठानात दुसऱ्याच्या हातचं चालत नाही, महाराज. सोवळ्यातलंच लागतं. पहाटे डोक्यावरून गार पाणी घेते आणि ओलेत्याने स्वयंपाक करते. एक दिवस खंड नाही!”

आवाजात अभिमान होता. बायकोचा की अनुष्ठानाचा, कोण जाणे.

बुवांचे हात थांबले.

“पुढचा डोस कधी आहे तिचा?”

“होता. मागच्या मंगळवारी.”

“झाला?”

“तिचा भाऊ नेणार होता. त्याला रजा मिळाली नाही. बसमध्ये तिला उलट्या होतात, एकटीने जायला घाबरते.”

“मग?”

“मग... मला हद्द सोडता येत नाही.” विश्वंभरचा आवाज चढला. “आज्ञा आपणच दिलीत, महाराज!”

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

“दिली,” ते म्हणाले. “तिला विचारून आलास का, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं.”

गुडघ्यावर हात टेकून ते उठले, काठी घेतली आणि ओट्यापाशी गेले. कुमुद गडबडून उभी राहू लागली. त्यांनी हातानेच बस म्हटलं.

“जेवलीस का, बाई?”

“यांचं झालं की जेवेन.”

“काय जातं पोटात?”

“ताक जातं थोडं... फोडणीचा वास नको वाटतो.”

“दवाखान्याचे कागद कुठे आहेत?”

कुमुदने पिशवीवर हात ठेवला. मग नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघत म्हणाली,

“घेऊनच येते रोज. म्हटलं, कधी हे उठले आणि चल म्हणाले, तर घरी परत जायला नको.”

विश्वंभरच्या हातातली माळ थांबली. रोज ती पिशवी त्याला दिसत होती. तिच्यात काय आहे, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

“चल,” बुवा कुमुदला म्हणाले.

“कुठे, महाराज?”

“पलीकडे. बस तिथूनच मिळते ना?”

आणि ते घाटाच्या पायऱ्या उतरू लागले.

विश्वंभरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो धावत सुटला. निरंजनबुवांनी ऐन तारुण्यात क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत हे क्षेत्र सोडायचं नाही, नदी ओलांडायची नाही. त्यांची आई पलीकडच्या तीरावर वारली, तेव्हा ते याच घाटावर उभे राहून चितेचा धूर पाहत होते. हा प्रसंग विश्वंभर वर्गात मुलांना सांगे. व्रत असावं तर असं, म्हणे.

“महाराज!” तो ओरडला. “आपला क्षेत्रसंन्यास! जन्मभराचं व्रत मोडेल!”

“मोडेल,” बुवा म्हणाले.

काठाशी लागलेल्या नावेतून उतरून नावाडी हात जोडून उभा राहिला होता.

“अहो, पण आपण कशाला? दुसरं कोणी नेईल.”

“दुसरं कोण?”

विश्वंभरने घाटावर जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

नाव हलत होती. कुमुदचा पाय ठरेना. ज्या हाताने कधी बाईमाणसाला स्पर्श केला नव्हता, तो हात बुवांनी पुढे केला. ती क्षणभर बिचकली, मग तिने तो धरला आणि आत जाऊन बसली. बुवा तिच्यामागून चढले. काठावर उभ्या माणसांनी तोंडाला हात लावले.

विश्वंभर शेवटच्या पायरीवर उभा राहिला. इथे मठाची हद्द संपत होती. एक पाऊल टाकलं की चैत्रापासूनचा सगळा जप पाण्यात. लोक काय म्हणतील? आणि न टाकलं तर?

नावेतून कुमुद म्हणाली, “तुम्ही थांबा. डबा ओट्यावर आहे, गार व्हायच्या आत जेवून घ्या.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. निदान तिने आपल्याकडून काही अपेक्षा केली होती, असं तरी झालं असतं.

त्याने पाऊल टाकलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. नावेची कड धरून तो कसाबसा आत चढला आणि बसल्याबरोबर त्याला रडू फुटलं. जपाची माळ हातात होती की घाटावर पडली, याची त्याला शुद्ध नव्हती.

नावाड्याने काठाला रेटा दिला.

कुमुदने डोळे मिटले होते. पदर थोडा मागे सरकला होता. विश्वंभरने तिच्याकडे पाहिलं. श्रावणापासून त्याने तिला उजेडात असं जवळून पाहिलं नव्हतं. भुवया नव्हत्या. ओठांच्या कडा फुटल्या होत्या. गळ्याशी हाडं वर आली होती. मिटल्या डोळ्यांनीही ती उजवा तळवा डाव्या काखेखाली धरून बसली होती, आणि ही बसायची रीत नवी नव्हती. श्रावणापासून ती अशीच बसत असणार.

पलीकडचा तीर हळूहळू जवळ येत होता. बस असेल की गेली असेल? गेली असली तर पुढची कधी? आठवडाभर लांबलेल्या डोसाबद्दल डॉक्टर काय म्हणतील?

“महाराज...” त्याने विचारलं. “फार उशीर तर झाला नाही ना?”

बुवांनी मागे मठाकडे पाहिलं नाही. विश्वंभरकडेही पाहिलं नाही. ते कुमुदकडे बघत होते.

“तिच्या तोंडावर ऊन येतंय,” ते म्हणाले. “तू इकडे सरक.”